नदी वीज द्यायची, आता घेते

बीबीहून सिंदखेडराजाकडे जाताना राहेरीला खडकपूर्णा ओलांडावी लागते. मेहकर-जालना रस्त्यावरून रोज हजारो माणसं त्या पुलावरून जातात. सगळ्यांचं लक्ष समोरून येणाऱ्या ट्रककडे असतं, खाली कोणी बघत नाही. बघावं असं पाणीही वर्षातले सात-आठ महिने तिथे नसतं. पण ही नदी साधी नाही. अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, भोकरदन-जाफराबादकडून आमच्या देऊळगावराजा, सिंदखेडराजा आणि लोणार तालुक्यांच्या अंगणात येते आणि पुन्हा मराठवाड्यात उतरते. आमचे जुने लोक मराठवाड्याला अजून मोगलाईच म्हणतात. म्हणजे नदीचा उगम मोगलाईत, मधला टप्पा वऱ्हाडात आणि शेवट पुन्हा मोगलाईत. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हापासून १९५६ पर्यंत या एकाच नदीवर दोन राज्यांचे पटवारी होते. खाली ती नुसती पूर्णा म्हणवते. घाटाखालची, तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. आमची गोदावरीला मिळते.

मी वीज मंडळात लाइनमन होतो. इतिहास लिहिणं हे माझं काम नव्हे. पण ज्या खांबांवर चढून आयुष्य काढलं, त्या खांबांतली वीज कुठून येते हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसाला कधीतरी पडतोच. लहानपणी गावात पक्कं ठरलेलं होतं की दिवे येलदरीच्या धरणावरून येतात. ‘आपल्याच नदीचं पाणी खाली जातं आन् तारंतून परत येतं,’ असं आमच्या शेजारचे एक म्हातारे वडार सांगायचे. ते येलदरीच्या भिंतीवर दगडकामाला होते, त्यामुळे त्यांना खोटं कोण म्हणणार? पुढे नोकरीत कळलं की वऱ्हाडात वीज खेळली ती मुख्यतः बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या, कोळशावरच्या केंद्राची. आणि एकदा वीज तारांच्या जाळ्यात शिरली की ही कोळशाची, ही पाण्याची असं तिला कोणी निवडून काढू शकत नाही. पण म्हाताऱ्याचं म्हणणं मला आवडायचं. त्यात निदान एक हिशेब होता: पाणी गेलं, वीज आली. पुढे त्या हिशेबाचं काय झालं तेच मला सांगायचं आहे.

महाराष्ट्रात पाण्यावर वीज करायचं सुचलं ते सह्याद्रीच्या माथ्यावर. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० ची. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. मग भिवपुरी, मग मुळशीचं धरण आणि भिऱ्याचं वीजघर. टाटांनी घाटमाथाच का धरला हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी त्यातून वीज जास्त. घाटमाथ्यावरून कोकणात पाणी सोडलं की पाऊणशे-शंभर नव्हे, चारशे-पाचशे मीटरची उडी मिळते. तेवढ्या उंचीवरून साधारण नऊशे लिटर पाणी पडलं की एक युनिट वीज होते. आमच्या पठारावर नदीला बांध घालून फार तर तीस मीटरची उडी मिळते. तिथे त्याच एका युनिटला चौदा-पंधरा हजार लिटर लागतात. म्हणजे सोळापट. हा आकडा मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुळशीची गोष्ट मराठी माणसाला माहीत असते, निदान सेनापती बापटांचं नाव तरी. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. निळा आणि मुळा या नद्यांच्या काठचे मावळे बांधाच्या कामावर जाऊन बसले. बावन्न गावं बुडणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. तीन-साडेतीन वर्षं लढा चालला आणि शेवटी जमीनच गेली. त्या लढ्यातली एक गोष्ट भाषणांत सहसा येत नाही: मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. मोबदला कागदावर नाव असलेल्याला मिळतो, नांगर धरणाऱ्याला नाही. सावकारांना पैसे नको होते असं काही नाही. हाच प्रकार पुढे प्रत्येक धरणावर कमीजास्त दिसला.

कोयना त्याहून मोठी. साठच्या दशकात पूर्ण झालेलं ते धरण आज टप्प्याटप्प्यानं १९६० मेगावॅटपर्यंत गेलं आहे. खोऱ्यातली माणसं उठली ती रायगड, सोलापूर, सांगलीकडे विखुरली. काही डोंगरावरच वर सरकली आणि अजून मोर्चे काढताहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि धरणाच्या पाण्याच्या भारानं भूकंप होतो का, यावर जगभर अभ्यास सुरू झाले. आणखी एक मुद्दा: कोयनेचं, मुळशीचं पाणी मुळात पूर्वेला, दुष्काळी मुलखाकडे जाणारं. विजेसाठी ते पश्चिमेला वळवलं आणि कोकणातून समुद्रात गेलं. सोलापूरच्या शेतकऱ्यानं यावर तक्रार केली तर त्याला दोष देता येत नाही.

येलदरी या मोठ्या घराण्यातली नाही. एका कोयनेत सत्त्याऐंशी येलदऱ्या बसतील. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर मातीची लांबलचक भिंत, मधे दगडी सांडवा, दहा दरवाजे. पूर्ण झालं १९६८ मध्ये. पायथ्याला साडेसात-साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण २२.५ मेगावॅट. जिवंत साठा ८०९.७७ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. खाली थोड्या अंतरावर सिद्धेश्वरचं दुसरं धरण. येलदरीतून सुटलेलं पाणी संच फिरवून सिद्धेश्वरात साठतं आणि तिथून कालव्यात जातं. वाटणी अशी चोख की कालव्याचं पाणी जाता जाता वीज देऊन जाईल, विजेसाठी वेगळं पाणी घालवावं लागणार नाही. कागदावर यापेक्षा सुंदर योजना मला माहीत नाही. सह्याद्रीतलं पाणी वीज करून समुद्राला जातं, आमचं वीज करून वसमतच्या केळीला आणि हळदीला जातं.

नोकरीत असताना ते वीजघर आतून बघायला मिळालं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत जमीन पायाखाली बारीक थरथरत होती. मला खांबावरच्या तारेची गुणगुण माहीत होती. हा आवाज वेगळा, पोटातून येणारा. तीनपैकी एकच संच चालू होता. ऑपरेटर परभणीकडचा. टेबलावर तासातासाच्या नोंदींची जाडी वही, शाईचं पेन, शेजारी पाण्याची पातळी लिहिलेली खडूची पाटी. मी विचारलं, ‘बाकीची दोन मशिनं दुरुस्तीला हायेत का?’ तो हसला. ‘नाही भाऊ. पाणी आमच्या हातात नाही. कालव्याचं आवर्तन सुटलं की आम्ही मशीन फिरवायचं, आवर्तन बंद झालं की झाकण लावायचं. विजेची टंचाई असो की पडून राहो, आम्ही पाटबंधारेवाल्यांच्या हुकमाचे.’ रात्री आठला गावोगाव दिवे पेटतात, पिठाची गिरणी चालते, तेव्हा वीज हवी असते. पण गव्हाला पाणी त्या वेळी हवं असतंच असं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की येलदरी हे वीज करणारं धरण नाही. ते शेतीचं धरण आहे, वीज त्याची वरकमाई. वरकमाईवर घर चालत नाही.

तिथेच बाकावर बसून मी ढोबळ हिशेब केला होता, तो अजून तोंडपाठ आहे. काठोकाठ भरलेलं येलदरी एकदा पूर्ण रिकामं केलं तर साडेपाच कोटी युनिटांच्या आसपास वीज होईल. तिन्ही संच पूर्ण जोरानं फिरवले तर साधारण शंभर दिवस. आणि तिन्ही संचांची मिळून ताकद म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या सहा हजार मोटरी. सहा हजार मोटरी आज आमच्या एका तालुक्यालाही पुरायच्या नाहीत.

आता त्या सोळापटीकडे येतो. घाटातलं धरण दरीत बसतं; खोल असतं, उभं असतं. पठारावरची नदी सपाटीतून वाहते, तिला अडवलं की पाणी वर चढण्याऐवजी आडवं पसरतं. उडी कमी म्हणून वीज कमी, पसारा जास्त म्हणून बुडीत जास्त. त्यात नदीकाठची जमीन म्हणजे मळईची, हात-दोन हात खोल काळी, गहू-हरभरा बिनपाण्याचा येणारी. एका युनिटामागे किती काळी जमीन गेली असा हिशेब केला, तर कोयनेपेक्षा येलदरीचा आकडा फार वाईट निघेल. धरण बांधणाऱ्यांनी तो केला नसेल असं मला वाटत नाही. शेतीच्या पाण्याच्या नफ्यात तो झाकून टाकला असावा.

माझ्या थोरल्या आत्याचं सासर त्या बुडीतात गेलं. जिंतूरच्या बाजूचं गाव, नदीच्या काठाला. तिला मी विचारायचो तेव्हा ती धरणाला शिव्या द्यायची नाही. तिला आठवायची ती हलवाहलव. ‘सगळं आणलं बघ बापू. दाराच्या चौकटी आणल्या, माळवदाची लाकडं आणली, पेंडक्या आणल्या, देव आणले. मारुतीला बैलगाडीत घालून आणलं, पुढं ढोल. उखळ ऱ्हायलं.’ उखळ का राहिलं? तर ते ओसरीत जमिनीत रोवलेलं होतं, तोंड तेवढं वर. खणून काढायला दोन गड्यांचा अर्धा दिवस लागला असता आणि गाड्या निघाल्या होत्या. नव्या गावठाणात तिनं आयुष्यभर मिरची शेजारणीकडे जाऊन कांडली. ऐंशीच्या घरात गेल्यावरही तिचा रुसवा त्या उखळावर होता, धरणावर नाही. सासऱ्याला निवाड्याचे पैसे मिळाले. ते एका लग्नात आणि एका बैलजोडीत संपले. घरच्या सालगड्याला काही मिळालं नाही. न्हाव्याला नाही, कुंभाराला नाही. त्यांची गावावरची बलुती होती आणि गावच नव्हतं तर बलुतं कोण देणार.

तेव्हा कायदा एकच, भूसंपादनाचा. सरकार जमीन घेईल, भाव ठरवेल, पैसे देईल, संपलं. माणूस पुढे कुठे राहील, काय खाईल हे त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हतं. धरणग्रस्तांचं पुनर्वसन करण्याचा महाराष्ट्राचा कायदा आला तो १९७६ मध्ये, बाबा आढावांसारख्यांनी धरणग्रस्तांना उभं केल्यानंतर. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. लाभक्षेत्रातली जमीन, अठरा नागरी सुविधा, सरकारी नोकरीत पाच टक्के, हे सगळं त्यातून आलं. देशात असा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढे होता, याचा अभिमान जरूर बाळगावा. येलदरीच्या माणसांना तो आठ वर्षं उशिरा पोचला, एवढंच.

कालव्याखालच्या मुलखाचं मात्र खरंच भलं झालं, हे म्हटलं नाही तर मी खोटा ठरेन. हिंगोली, परभणी, नांदेडच्या रानांत पाणी खेळलं. वसमतला पूर्णेच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हळदीची पेठ नामांकित झाली. काळ्या रानात पाणी जास्त झाल्यानं काही शेतं चोपण झाली, तेही खरं. पण दुष्काळात त्या भागातल्या शहरांना प्यायला पाणी मिळतं ते याच दोन धरणांचं. आमच्याकडे म्हणजे धरणाच्या वर काय? कापूस, ज्वारी, तूर, पुढे सोयाबीन. पाऊस पडला तर. वाहून जाणारं पाणी बघत बसायचं आणि खालच्यांच्या उसाच्या गोष्टी ऐकायच्या. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या बायका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होत्या.

नदी तेव्हा कशी होती हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. उन्हाळ्यात राहेरीच्या खाली-वर नुसती वाळू. त्या वाळूत भोयांच्या वाड्या: डांगरं, टरबुजं, काकड्या. वाळूत हातभर खोल खड्डा करून तळाला शेणखत घालायचं, वर बी. वेल वाळूवर पसरायचा आणि मुळं खालच्या ओलीत. प्यायच्या पाण्याला झिरा. वाळू उकरून हातभर खोल गेलं की तळाशी पाणी साचायचं, पहिलं गढूळ वाटीनं उपसून टाकायचं, दुसरं थोडं थांबून नितळ. आई नारळाच्या करवंटीनं घागर भरायची. एक घागर भरायला गप्पांइतका वेळ लागे, त्यामुळे नदीवर गावाचा सगळा व्यवहार होई: लग्नं जुळत, भांडणं मिटत, नवी लागत.

हे सगळं येलदरीनं संपवलं असं म्हणणं चुकीचं होईल, कारण येलदरी खाली आहे. खालच्या भिंतीनं वरच्या नदीचं एकच नुकसान केलं. भोई सांगतात की पूर्वी पावसाळ्यात वाम, मरळ खालून वर चढायची, भिंत झाल्यावर ती येईनाशी झाली. धरणात पुढे मच्छीमार संस्थांनी कटला, रोहूचं बीज सोडलं, मागून तिलापिया शिरला. धंदा झाला, पण भोयांपेक्षा ठेकेदारांचा जास्त. वरची नदी संपवली ती आम्ही वरच्यांनीच.

त्याची सुरुवात एका करारात आहे. गोदावरीच्या पाण्याचा तंटा १९६९ पासून बच्छावत लवादापुढे होता. तो चालू असतानाच ६ ऑक्टोबर १९७५ ला महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात समझोता झाला: गोदावरीवर पैठणपर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं. आमच्या दृष्टीनं हा मोठा दस्तऐवज. येलदरी आणि सिद्धेश्वर दोन्ही या रेषेच्या आत. म्हणजे त्यांच्या वर कितीही बंधारे बांधा, आंध्र काही म्हणणार नाही. भांडण झालंच तर घरातल्या घरात. आणि बंधारे झाले. कोल्हापुरी बंधारे, पाझर तलाव, गावतळी, विहिरींवर विहिरी. आमच्याकडे, जालन्याकडे, संभाजीनगरच्या बाजूला. मग देऊळगावमहीजवळ खडकपूर्णेचं मोठं धरण आलं, एकोणीस दरवाज्यांचं, ९३.४० दलघमी जिवंत साठ्याचं.

त्याचं नाव संत चोखामेळा सागर. चोखोबा जवळच्या मेहुणाराजाचे, म्हणून. नाव देणाऱ्यांच्या मनात भक्तीच असणार. पण चोखोबा गेले कसे? मंगळवेढ्याला वेशीच्या कुसवाचं बांधकाम चालू होतं, त्यावर वेठीला असताना भिंत कोसळली, त्याखाली. शके १२६० ची गोष्ट. ज्यांच्या घामावर भिंती उभ्या राहतात त्यांचं नाव एका भिंतीला मिळालं, हे महाराष्ट्रात पहिल्यांदाच घडलं असावं. असो.

या धरणानं काय झालं? देऊळगावराजा, सिंदखेडराजाची तहान भागली. काही गावं उठली, पण या वेळी कायदा हाताशी होता आणि लोकांना तो वाचताही येत होता. धरणाच्या खाली नवी वाळू येणं थांबलं आणि होती ती टिप्परनं गेली. धरणाच्या आत गाळासोबत साठलेली वाळू चोरटे बोटी लावून उपसतात, महसूलवाले बोटी पकडून जिलेटिननं उडवतात, महिन्याभरात नव्या बोटी येतात. झिरा खणायला वाळूच राहिली नाही, डांगरं कुठे लावणार? पावसाळ्यात मात्र दरवाजे उघडले की काठच्या गावांना दवंडी, आता मोबाइलवर सूचना, आणि तेच पाणी दोनेक दिवसांत येलदरीत पोचतं. पेपरात बातमी येते की येलदरीत आवक वाढली.

आणि मोटरी. इथे माझा धंदा येतो.

धरणाच्या फुगवट्यावर, बंधाऱ्यांवर, नदीकाठच्या विहिरींवर मोटर बसल्याशिवाय पाण्याला अर्थ नाही, कारण पाणी खाली आणि रान वर. एकेक पाइपलाइन दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका शिवारात तीन-चार मोटरी असायच्या. निवृत्तीच्या वेळी एका त्रेसष्ट केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-वीस होत्या. बारा-तेराच्या वर ती झेपत नाही हे सगळ्यांना ठाऊक, आणि तारेवर टाकलेले चोरीचे आकडे वेगळे. थ्री-फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शिवारात बॅटऱ्या फिरताना दिसायच्या आणि साप चावल्याची बातमी आली नाही असं हिवाळ्यात क्वचित व्हायचं. पोळ्याला बैल कमी आणि मोटरी जास्त, अशी आमच्या गावची अवस्था झाली.

आता हिशेब. पंधरा-वीस मीटर खालचं पाणी आपल्या जुन्या मोटरींनी, लांब पाइपातून वर आणायचं तर पंधरा हजार लिटरला साधारण दोन युनिटं जातात. हेच पंधरा हजार लिटर पाणी खाली येलदरीत गेलं असतं तर तिथे एक युनिट झालं असतं. म्हणजे प्रत्येक पंधरा हजार लिटरमागे राज्याच्या विजेच्या खात्यातून तीन युनिटांचा फरक पडला: एक झालं नाही, दोन खर्ची पडली. नदी तीच, पाणी तेच. १९६८ साली ती वीज द्यायची, आज घेते. आणि ती दोन युनिटं बहुतेक वेळा कोळशाची. कोळशाच्या केंद्रालाही पाणी लागतं ते वेगळंच. परळीचं केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं.

हे ऐकून बीबीच्या पारावर लोक चिडतात. ‘मग काय आम्ही पाणी खाली सोडून द्यावं?’ एक जण म्हणाला, ‘लाइनमन, तू खालच्यांकडून बोलतोस का?’ मी कोणाकडूनही बोलत नाही. पंधरा हजार लिटर पाण्यात हरभऱ्याला जीव मिळतो. त्या एका युनिटाची किंमत हरभऱ्यापुढे काय? शेतकऱ्याच्या जागी मीही मोटरच लावली असती, माझ्या भावानं लावली आहे. माझं भांडण एवढंच की वरच्या बंधाऱ्यांचे लाभ मोजताना खाली बंद पडणाऱ्या संचांची किंमत कोणी धरत नाही, आणि येलदरीच्या विजेचा गवगवा करताना वर उचलल्या जाणाऱ्या पाण्याचा कोणी उल्लेख करत नाही. एका नदीच्या दोन वह्या आहेत, दोन खात्यांकडे. मला तरी त्या शेजारी-शेजारी मांडलेल्या कधी दिसल्या नाहीत.

खडकपूर्णेनंच येलदरी कोरडं पाडलं असंही नाही. ९३ कुठे आणि ८१० कुठे. पाऊस कमी झालेली वर्षं, जालन्याकडचे बंधारे, हजारो विहिरी, सगळ्यांनी मिळून ते केलं. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात येलदरी मृतसाठ्यात होतं. संच फिरवायला पाणी नाही, कालव्याला नाही, शहरांना कसंबसं. २०२० मध्ये काठोकाठ भरलं आणि दरवाजे उघडले तेव्हा खालचे लोक बघायला जत्रेसारखे जमले. अशा वर्षी वीजही भरपूर होते, आणि नेमक्या अशाच वर्षी शेतकऱ्याला मोटर कमी लागते.

पाणी ओसरलं की बुडीतातली जमीन वर येते, त्यावर गाळपेर होते. मशागत नाही, खत नाही. ओल्या गाळात गहू, हरभरा टाकला की येतो. पाटबंधारे खातं ती जमीन हंगामापुरती कसायला देतं, मूळ धरणग्रस्ताला आधी. आत्याचा नातू अशी दोन एकर करतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती पणजोबाचीच जमीन. सातबारा सरकारचा, गाळ धरणाचा. गाळातली ओल फेब्रुवारीपर्यंत टिकते, मग त्यालाही पाणी हवं असतं. म्हणून त्यानं काठावर मोटर टाकली आहे. पाणी मागे हटेल तसा पाइप पुढे ढकलायचा.

मागच्या हंगामात त्याचा फोन आला. ‘काका, येलदरीत दोन मशिनं चालू हायेत म्हणे, आन् आमची डीपी उडाली.’ डीपी किती मोटरींवर होती ते मी आधी विचारलं. तो गप्प. मग म्हणाला, ‘सतरा असतील. दोन पाहुण्यांच्या.’ म्हटलं, पाहुण्यांच्या आधी काढ, तेल किती आहे ते बघ, आणि फ्यूजमध्ये कोणी जाडी तार घातली असेल तर ती काढून टाक, नाहीतर नवी आणलीस तरी आठ दिवसांत हीच गत. ‘आवर्तन सुटायच्या आत होईल का?’ त्यानं विचारलं. आवर्तन सुटलं की खालचे संच फिरतात आणि पाणी त्याच्या पाइपापासून आणखी वीस-पंचवीस पावलं मागे सरकतं. त्याला घाई होती ती त्यासाठी.